व्हॉल्व्हच्या गळ्यातल्या कड्या

आमच्या मजल्यावरचे चष्मेवाले तसे देवमाणूस. दुकानात गिऱ्हाइकाने दहा वेळा फ्रेम बदलली तरी कपाळावर आठी नाही. घरी मात्र त्यांचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर सुरू झाला, की साक्षात जमदग्नी.

कारण त्या यंत्रातले काचेचे व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसले दिवे, फार हळवे. घरात कोणी टाच टेकवून चाललं, की ते हादरत आणि ऐन गाण्यात स्पीकरमधून ‘ठण्’ असा आवाज येई. मग चष्मेवाले असे बघत, की चालणाऱ्याला आपल्याला पाय असल्याचीच लाज वाटावी. गाणं लागलं की त्यांची आई पाय वर घेऊन खुर्चीत बसे, मुलगी चवड्यांवर चाले. मीही एकदा साखर मागायला गेलो आणि मांजराच्या पावलांनी परत आलो, साखर न मागताच.

शेवटी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, निर्वाणीचं सांगितलं, “या घरात एक तर ते खोकं राहील, नाहीतर आमचे पाय. रविवारपर्यंत काय ते ठरवा.”

चष्मेवाल्यांचं धाबं दणाणलं. व्हॉल्व्हला रबराची कडी घातली की थरथर मरते, असं त्यांनी कुठेसं ऐकलं होतं. त्यांनी बरण्यांच्या झाकणांची रबरं काढून चढवली. व्हॉल्व्ह तापतात हे त्यांना ठाऊक होतं, रबर वितळतं हेही ठाऊक होतं. दोन्ही एकाच वेळी ठाऊक नव्हतं. असा वास सुटला, की खालचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले.

रविवारी मात्र उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनच्या कड्या आल्या. लाडक्या लेकीला दागिना घालावा तशा त्यांनी त्या एकेका व्हॉल्व्हच्या गळ्यात घातल्या, गाणं लावलं आणि म्हणाले, “चाल आता. हवी तशी चाल.”

वहिनी चालल्या. मग टाचा आपटत चालल्या. आईने काठी ठोकून पाहिली. स्पीकर गाण्याखेरीज चकार शब्द काढेना. चष्मेवाले विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघत राहिले.

तिथेच बिचाऱ्यांचा घात झाला. इतकी वर्षं दबून राहिलेलं घर मोकळं सुटलं. मुलीने दोरीवरच्या उड्या सुरू केल्या. आईने अक्रोड फोडायला घेतले. वहिनींनी माळ्यावरून शिवणयंत्र उतरवून थेट स्पीकरशेजारी मांडलं आणि घरभराचे पडदे शिवायला सुसाट सोडलं. गवई तान घेतोय की जांभई देतोय, कळेना.

थोड्या वेळाने मी डोकावलो, तर चष्मेवाले एक कडी हळूच ओढून काढत होते.

“काय चाललंय?” वहिनींनी मान न वळवता विचारलं.

“काही नाही. जरा ठण् झालं की काय, असं वाटलं.”

“होऊ दे. अर्धे पडदे व्हायचेत अजून.”

चष्मेवाल्यांनी कडी परत बसवली आणि “दे इकडे” म्हणत पडद्याचं दुसरं टोक धरलं.