कूलरला मारलेला रंग

भिवंडीजवळ दापोड्याला गोदामांच्या रांगेत माझं गॅरेज आहे. फौजेत व्हेईकल मेकॅनिक होतो, हवालदार म्हणून सुटलो, आता तेच काम इथे करतो. परवा एका ट्रान्सपोर्टवाल्या शेटच्या ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नव्याने बांधला. शेट बघायला आला. पाइपात मी बसवलेल्या फिल्टरवर बोट ठेवून म्हणाला, "हवालदार, हा डबा कशाला? कंपनीनी तर दिला न्हवता. आनि कूलर जुनाच राहू द्या. रंग मारला का नवा दिसतो."

मी पाना खाली ठेवला आणि त्याला बाहेर व्हायला सांगितलं. त्याला वाटलं मी मस्करी करतोय. रंग मारलेला कूलर मी एकदा बघितलाय, पुन्हा बघायचा नाही.

तेव्हा माझी पोस्टिंग पूर्वेकडच्या डोंगरात होती. वर्कशॉप म्हणजे पत्र्याच्या तीन शेड. 0545 ला फॉलिन, म्हणजे हजेरीची रांग, 0630 ला इंजिनं चालू करून गरम करायची, मग दिवसभर गाड्यांखाली. आमच्याकडे एकच रिकव्हरी ट्रक होता. घसरलेल्या, अडकलेल्या गाड्या ओढून आणायचा. त्याचा गिअरबॉक्स जळला. क्लच प्लेटींचा कोळसा झालेला. मी अकरा दिवस खपून तो पुन्हा बांधला.

सिव्हिलमधल्या माणसांना एक गोष्ट सांगून ठेवतो. गिअरबॉक्स जळतो तेव्हा आतला चुरा तेलाबरोबर कूलरमध्ये, म्हणजे तेल थंड करणाऱ्या जाळीत, जाऊन बसतो. बॉक्स तुम्ही कितीही स्वच्छ बांधा, कूलर जुना राहिला तर तेल तोच चुरा घेऊन परत येणार. म्हणून कूलर नवा लागतो. नसेल तर जुना धुवायचा आणि कूलरकडून बॉक्सकडे येणाऱ्या पाइपात फिल्टर लावायचा. बस, इतकंच काम.

नव्या कूलरची मागणी मी पाठवली होती. आला नाही. जुना चार वेळा धुतला, फिल्टर लावला, आणि तेल थंड राहावं म्हणून पुढे पंख्याचा एक छोटा जादा कूलर बसवला. टेस्ट रननंतर फिल्टर उघडला तर आत काळा चिखल, त्यात धातूची चमक. फिल्टर बदलला. दुसऱ्या रनला चिखल कमी, तिसऱ्याला आणखी कमी. पण होताच.

त्यात इन्स्पेक्शन आलं. फौजेत इन्स्पेक्शन म्हटलं की रंग. दगडांना चुना, आगीच्या बादल्यांना लाल, गाड्यांना हिरवा. सुभेदार साहेब ट्रकपाशी वाकले.

"ये क्या लटका रखा है? ड्रॉइंग में है?"

"नहीं साहब. कूलर पुराना है, कचरा छोड़ रहा है."

"ड्रॉइंग में नहीं है तो गाड़ी पे नहीं रहेगा. निकालो दोनों. इन्स्पेक्शन के बाद लगा लेना."

मी काढले. हे नीट ऐका. सुभेदारांनी नाही, मी काढले, माझ्या या हातांनी. फिल्टरच्या जागी सरळ नळी टाकली. मग ब्रश घेऊन जुन्या कूलरला हिरवा रंग फासला. जाड फासला. वारा खेळायला पत्र्यांमध्ये ज्या बारीक फटी असतात त्या रंगाने लिंपून गेल्या. थू! मेकॅनिक म्हणवून घेत होतो मी स्वतःला.

इन्स्पेक्शन 1100 ला सुरू, 1140 ला खलास. मोठे साहेब त्या कूलरकडे बघून म्हणाले, "व्हेरी स्मार्ट." मग चहा-पकोडे.

1225 ला निरोप आला. खालच्या वळणावर एक गाडी घसरून नाल्यात गेली आहे, मागे कॉन्व्हॉय अडकला आहे, रिकव्हरी पाठवा. ड्रायव्हर होता नाईक काशिनाथ. आमच्याच भिवंडी तालुक्यातला, अंबाडीच्या पलीकडच्या पाड्यातला. मी दिघाशीचा. एवढ्या लांब गाववाला भेटला म्हणून मला दादा म्हणायचा. कॅबमध्ये घरची सुकट ठेवायचा. पंजाबी पोरं नाक दाबून शिव्या घालायची, हा खुशाल हसायचा.

मी म्हटलं, "काश्या, फिल्टर काढलाय. अर्धा तास दे, लावतो."

मागून सुभेदार साहेब ओरडले, "टाइम नहीं है! निकलो!"

काशिनाथने माझ्याकडे बघितलं. "चढ मोठा हाय. जाईल न दादा?"

"जाईल. दमानं घे."

फिल्टरशिवाय तो चढ धोक्याचा आहे, हे मला ठाऊक होतं. त्या अर्ध्या तासासाठी मी सुभेदारांशी भांडायला हवं होतं. फार तर रिपोर्टवर उभं केलं असतं, शिक्षा झाली असती. मी गाडी जाऊ दिली. आजही स्वतःची शिसारी येते.

वायरलेस सेटवर हिंदीत बोलायचा नियम. पण इकडे मी होतो म्हणून तो आपल्या बोलीत बोलला.

1352. "गाडी भाइर काढली. टो करून चढ घेतो. ओव्हर."

1404. "तेल तापलाय दादा. काटा लालवर हाय. ओव्हर."

"थांबव. थंड होऊ दे. ओव्हर."

"थांबायला जागा न्हाय. समदा बर्फ हाय. ओव्हर."

1407. "दादा, गिअर पकडत न्हाय."

ओव्हर म्हणाला नाही.

पुढचं काशिनाथसोबत ट्रकमध्ये असलेल्या ऑपरेटरने सांगितलं. ब्रेक लागले, चाकं थांबली, पण बर्फावर ट्रक मागे सरकत राहिला. टो केलेली गाडी त्याला खाली खेचत होती. खाली वळणावर कॉन्व्हॉयची माणसं उतरून उभी होती. काशिनाथने ऑपरेटरला दाराबाहेर ढकललं, ब्रेक सोडून स्टिअरिंग फिरवलं आणि ट्रक डोंगराच्या अंगाला घातला. टोची गाडी आडवी आली. ट्रक उलटला, कॅब त्याखाली चिरडली, काशिनाथ आतच गेला. खालच्या माणसांना खरचटलंसुद्धा नाही.

तो गिअरबॉक्स मीच उघडला. तेलाच्या वाटा काळ्या चिखलाने बुजलेल्या. चौकशीत मी जबानी दिली, फिल्टर आणि जादा कूलर मी काढले, रंग मी मारला. लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने पेन थांबवलं. "हवालदार, जो चीज़ ऑथराइज़्ड ही नहीं थी, उसको निकाला तो क्या और रखा तो क्या?" त्याने ते लिहिलंच नाही. रिपोर्टात आलं, रस्ता निसरडा होता. ज्या बुटांनी मी तिथे सॅल्यूट ठोकला, ते बूटसुद्धा मला ओंगळ वाटले.

सुट्टीवर आलो तेव्हा त्याची ट्रंक घेऊन पाड्यावर गेलो. वडिलांनी मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. "काश्याची गाडी तूच बनवायचास ना?"

"हो."

म्हाताऱ्याने शेजारपाजारच्यांना हाका मारल्या. "या रं, काश्याचा मिस्त्री आलाय!" माणसं जमली, माझ्याकडे मानाने बघायला लागली. म्हातारा त्यांना सांगत होता, "काश्या बोलायचा, दादानी हात लावलेली गाडी मी तपासून बघत पन न्हाय. नुसता बसतो नि जातो."

त्या माणसांसमोर माझ्याच्याने सांगवलं नाही. पुढच्या सुट्टीत सांगेन म्हटलं. पुढच्या सुट्टीत म्हातारा राहिला नव्हता.

नाईक काशिनाथ, वय एकोणतीस. त्या दुपारी त्याने मला एकदाच विचारलं, आणि माझ्या शब्दावर गाडीत बसला.