बरबटीचं पहिलं पाणी

वच्छला माही सख्खी लहान बहीण. वयानं लहान म्हणून सांगून राहिलो, नाही तं अकलेनं आमच्या साऱ्या खानदानात तिच्या वर एकच माणूस, अन् तो कोण हे मी कायले सांगू! शाळा तिची चौथीत सुटली, माही त्याच्याही आधी. पण "काहून" विचाराची सवय तिची सुटली नाही. दूध उतू काहून जाते? अंबाडी आंबट काहून? मांजर वरून पडली तं पायावरच काहून पडते? माय म्हणे, "ह्या पोट्टीले सासरी ठेवतीन तरी काहून?"

ठेवली. आमचं वावर भिवापूरकडं, अन् वच्छलेले देलं नागपुरात, इतवारीत. नवरा मधुकरराव, कापडाच्या गिरणीत कामाले. माणूस सरळ पण पोट वाकडं. त्याची माय रंभाबाई, तिचं पोट त्याच्याहून वाकडं.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. दरसाल दिवाळी झाली का आमच्या वावरातली बरबटी बहिणीच्या घरी जाये. पुण्या-मुंबईचे लोक बरबटीले चवळी म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे. आमचा दाणा एकदा हातावर घेतला असता तं नाव बदललं असतं त्यांनी. अन् ह्या दाण्याचं रंभाबाई काय करे? गल्लीतल्या भैयाजी गवळ्याले देऊन टाके, म्हशीले चाराले.

"वातूळ हाय बापा. ह्या घरात पचत नाही," एवढंच तिचं म्हणणं.

माहेरचा दाणा म्हशीच्या टोपल्यात पडला का वच्छलेले जेवण गोड लागे नाही. त्यात शेजारची गोपिकाबाई. ओसरीवरून मुद्दाम हाक मारे, "काय वं वच्छला, औंदा भावानं म्हशीसाठी काय पाठवलं?" वच्छला हसून घेये. घरी मले सांगे नाही, मी भांडाले जाईन म्हणून. गेलोच असतो.

एक दिवस भैयाजी बरबटी न्यायले आला. वच्छलेनं मापटं भरता भरता विचारलं, "काहो भैयाजी, तुमची म्हैस नाही फुगत?"

"फुगते ना! कच्ची देली तं नगाऱ्यावानी फुगते. मी रातभर भिजू घालतो, ते पाणी फेकतो, मंग दुसऱ्या पाण्यात उकडतो."

"पाणी काहून फेकता?"

"आता ते मले काय मालूम? माहा बाप फेके, मी फेकतो. तुम्हाले दूध पाहिजे का भाषण पाहिजे, बाई?"

भैयाजी गेला, पण वच्छला मापटं हातात घेऊन तशीच उभी. कारण ह्या घरात पाणी फेकतच नव्हते. रंभाबाईचा कायदाच होता, अन्न भिजलेलं पाणी फेकलं का घरची बरकत जाते, सारा कस पाण्यातच असते. वच्छला नवी सून होती तवा तिनं एकदा बरबटीचे वडे केले होते, ते त्याच पाण्यात वाटून, सालासकट, सासूनं सांगितले तसे. त्या दिवशी माय-लेक भिंतीले टेकून बसले अन् एकानं ढेकर देला का दुसऱ्यानं जबाब देला. तवापासून बरबटी बंद.

वच्छलेच्या डोक्यात किडा वळवळला. कस जर पाण्यात उतरते, तं वायूही पाण्यातच उतरत असन का?

पावसाळ्यात रंभाबाई पोरीकडं कन्हानले गेली. नेमका मी तवा नागपुरात होतो. वच्छलेनं डब्यात वाचवून ठेवलेल्या बरबटीचे दोन परीचे वडे माह्यापुढं ठेवले, एक जुन्या रीतीचे, एक पाणी फेकलेले. मी दोन्ही संपवले.

"कसं वाटते दादा?"

"वाटाचं काय? अजून वाढ."

तिनं कपाळाले हात लावला. "तुह्या पोटाले विचारणंच चुकलं. तुले तं वरवंटाही पचन."

खरं हाय. आमच्या भागात माह्यासारखं पोट नाही.

मंग तिनं मधुकररावले धरलं. त्याचं पोट खोटं बोलत नव्हतं. नुसतं पाणी फेकून केलेल्या वड्यांनी थोडं गुडगुडलं. मंग तिनं दोन वेळा पाणी बदललं, दाणे हातानं चोळून सालं वर तरंगवून काढले, वाटताना आलं अन् ओवा घातला. दुसऱ्या दिवशी मधुकरराव पोटावर हात फिरवून म्हणे, "वच्छला, आज आत कोणी बोलून नाही राहिलं वं. आहे का गेलं?"

पोळा आला, रंभाबाई परत आली. पोळ्याच्या सकाळी वच्छला अंगणात गंज म्हणजे मोठं पातेलं रिकामं करत होती, अन् मागून आवाज आला.

"काय ओतून राहिली वं?"

"बरबटीचं पाणी, आत्याबाई."

"बरबटी? सणाच्या दिवशी? अन् वरून पाणी फेकते? सारा कस चालला मातीत!"

"मातीत नाही, कढीपत्त्याले घातलं. त्याले कस लागन, अन् तो आपल्याच फोडणीत येईन."

"जीभ पाहा! माहेरी असंच उधळत असतीन तुह्या."

वच्छलेनं गंज खाली ठेवलं. "माहेर काढू नका. आज हे वडे खा. पोट फुगलं तं दादाले मीच सांगीन, बरबटी पाठवू नको म्हणून. कायमची."

रंभाबाई ओसरीवर जाऊन स्वयंपाकघराकडं पाठ करून बसली. आत पाट्यावर बरबटी वाटली गेली, भिवापूरची मिरची पडली, वडे हातावर थापून तेलात सुटले. वास ओसरीवर गेला. बुढीची पाठ थोडी वळली, मंग मान वळली.

"मीठ बरोबर हाय का पाहू दे एक."

एका वड्यात मीठ कळलं नाही. दुसऱ्यातही नाही. मीठ कळेपर्यंत पाच गेले. मंग बुढी आपल्या खोलीत गेली अन् दार लावून घेतलं. वच्छला संध्याकाळभर कान लावून होती. आतून काही ऐकू आलं नाही, अन् त्याचा अर्थ काय लावावा हे तिले समजेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी इतवारीत मारबत निघाली. बांबू-कागदाचा मोठा पुतळा, मागं हजार माणसं, अन् एकच ओरड, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" सारी गल्ली रस्त्यावर होती. रंभाबाईच तेवढी नव्हती.

"काय वं वच्छला, सासू कुठं?" गोपिकाबाई म्हणाली. "वडे भोवले वाटते!"

वच्छला पळतच घरात आली. खोलीत बिछाना गुंडाळलेला, बुढी नाही. मागच्या अंगणात पाहिलं, तं मोरीपाशी परात घेऊन रंभाबाई बसलेली, हात कोपरापर्यंत ओले, सालं बांगड्यांले चिकटलेले.

"रातीच भिजू घातली म्या," मान वर न करता बुढी म्हणाली. "दोन पाणी फेकले. हे सालं काही निघत नाही वं माह्यानं. उभी काय राहिली? बस अशी. अन् त्या गोपिकेले आत येऊ देऊ नको, आपल्यालेच पुरतीन एवढे आहेत."