आधी वनिताचा हात

नसीमखालासोबत टॉकीजात जायचं म्हणजे चारचौघांत तोंड लपवायची तयारी ठेवायची. ती पडद्याशी भांडायची, तेही मोठ्यानं. कारंजा गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. ती मणियारीण, बांगड्यांची पेटी घेऊन एसटीनं खेडी फिरायची. त्यातल्याच एका गावात मी मास्तरीण. सूड घेणाऱ्या बाईचा सिनेमा लागला, तेव्हा तिनंच मला ओढून नेलं.

सुरुवातीलाच मालकाचे गुंड एका मजूर बाईचा हात पिरगाळून मोडतात. टॉकीज चिडीचूप. खालानं डोळ्यांना पदर लावला. आणि लगेच एक ढेरपोट्या हवालदार चड्डी सावरत नाचायला लागला! लोक खो खो हसले. खाला ताडकन उठली.

"काहून हसून राह्यले रे? तिचा हात अजून लटकून राह्यला ना!"

"खाला, बस ना. लोक हसायलाच येतात."

"मंग हात मोडून कायले दाखवला?"

पुढं ती बाई एकेकाला कापत सुटली, पण मधूनमधून हवालदार होताच. तिचा राग जरा पेटला की हा पाणी ओतायचा. शेवट न पाहताच आम्ही बाहेर पडलो.

त्याच उन्हाळ्यात माझ्या शाळेच्या गावात दोन लग्नं निघाली. एक गावच्या जमीनदाराच्या, म्हणजे मालकाच्या पोरीचं, दुसरं त्यांच्या शेतात राबणाऱ्या वनिताचं. गावची रीत अशी, की मणियारणीनं लग्नाचा हिरवा चुडा आधी मालकाकडं भरायचा, मग मजुरांच्या वस्तीत. खाला एसटीतून उतरली ती थेट वस्तीत.

"वनितानं पयले सांगतलं. पयले तिचा हात."

शाळा सुटल्यावर मीही तिथंच बसले होते. चुडा भरून होतो न होतो, तोच मालकाचा धाकटा भाऊ आला. त्यानं वनिताचं मनगट धरून ओट्यावर आपटलं. नवरीचा चुडा फुटला, रक्त आलं. केवढा अपशकुन! आयाबाया रडायला लागल्या, आणि तो मेला हसत होता.

"मजाक केली वं खाला. काचच हाय ना, दुसरी भर. चाल, घरी बाया खोळंबल्या."

खालानं शांतपणे पेटी बंद केली. "तुमच्या घरच्या हाताले आता माहा हात लागत नाही. अन् कारंज्यातल्या एकाही मणियारणीचा लागणार नाही."

तसंच झालं. दुकानातून बांगड्या मिळतीलही, पण लग्नाचा चुडा मणियारणीच्याच हातून भरायचा असतो. हळद तोंडावर आली, तशी मालकीणबाई स्वतः खालाच्या दारात आली, हात जोडून.

"मले काही नोको, बाई. तुमच्या दिराले वस्तीत पाठवा."

आला. यावंच लागलं. खालानं वनिताला पाटावर बसवलं, त्याला समोर उभं केलं. तो सवयीनं हसला, इकडंतिकडं पाहत म्हणाला, "काय खाला, शिनेमा लावला का?"

"हो. अन् याच्यात हवालदार नाही. चूप उभा राय."

दोन्ही हात भरेपर्यंत वस्तीत कुणीही हसलं नाही. मग वनितानंच मान वर केली. "जा आता."

तो गेल्यावर खाला पेटी उचलून मालकाच्या घराकडं निघाली. मी रागावले. "मालकाच्या पोरीचा काय कसूर?" खाला म्हणाली, आणि चालायला लागली.

खाला गेली, त्याला आता वर्ष होईल. परवा तोच सिनेमा टीव्हीवर लागला. हवालदार नाचायला लागला, घरातले सगळे हसले. मी उठून टीव्हीपुढं उभी राहिले.

"बाजूला हो ना, काय झालं?" नवरा म्हणाला.

"तिचा हात अजून लटकून राह्यला ना!"