उघड्या झाकणांचे भाऊजी

घट्ट लावलेल्या झाकणाचा माझ्या थोरल्या दिरांइतका कट्टर शत्रू सबंध नागपुरात दुसरा सापडायचा नाही. सक्करदऱ्याच्या या घरात मी सून म्हणून आले तेव्हापासून एकही डबा पुरता बंद राहिलेला मी पाहिलेला नाही. मी झाकण लावायचं आणि भाऊजींनी जाता-येता ते अंगठ्याने किंचित उचलून ठेवायचं, असा आमचा कारभार. त्यामुळे आमचा चिवडा पाहुणे यायच्या आत सादळतो आणि पापड तळायच्या आधीच मऊ असतात. एकदा वैतागून मी विचारलं, "भाऊजी, चिवड्याला कुठला आलाय वायू?" तर अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "चिवड्याले नाही होत, खाणाऱ्याले होते. पण आपल्या हाताले सवय असलेली बरी."

ही सवय त्यांना लकडगंजात लागली. तिथल्या बॅटऱ्यांच्या एका ठोक दुकानात त्यांनी उभी हयात काढली, तीही परत आलेल्या मालाच्या काउंटरवर. म्हणजे फुगलेली, तडकलेली, पोट सुटलेली प्रत्येक बॅटरी आधी भाऊजींच्या पुढ्यात यायची. माणसं सांगत, "आम्ही काहीच केलं नाही जी," आणि भाऊजी नुसतं वरून बोट फिरवून विचारत, "याच्या तोंडावर चिकटपट्टी कोणी लावली?" त्यांचं प्रवचन आमच्या घरात लहानथोरांना पाठ आहे. चार्जिंग होताना बंद बॅटरीत वायू तयार होतो, तो बहुतेक आतल्या आत जिरतो. पण चार्जिंग फार झालं की दाब वाढतो, तेव्हा वरच्या पातळ पट्टीखालची रबराची इवली टोपणं जराशी उचलतात, पट्टीच्या फटींतून वायू बाहेर सोडतात आणि पुन्हा गुमान आपल्या जागी बसतात. "एवढुसं टोपण, पण मोठं समजदार आहे. आपण फक्त त्याच्या डोक्यावर बसाचं नाही," हे त्या प्रवचनाचं शेवटचं वाक्य. ते झाल्याशिवाय चहा मिळत नाही.

निवृत्त झाल्यावर तर त्यांना सगळं गाव मोकळं मिळालं. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याची तब्येत नंतर, आधी त्याचा मोबाइल पालथा करून पाठ फुगली आहे का ते बघायचं. मे महिन्यात नागपूरचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको, पण आमच्या कूलरचं तोंड चार्जिंगला लावलेल्या वस्तूंकडे असतं आणि आम्ही माणसं बाजूला घाम पुसत बसतो. माझ्या पुतणीच्या लग्नात फोटोग्राफरने त्याच्या दिव्यांच्या बॅटऱ्या आहेराच्या शालींखाली चार्जिंगला लावून ठेवल्या होत्या. भाऊजींना त्या दिसल्या आणि ऐन मंगलाष्टकांत त्यांनी सगळ्या वायरी उपसल्या. त्या लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरी अंधारात आहेत आणि भाऊजींचा आवाज तेवढा स्वच्छ ऐकू येतो: "शाली पांघराले तिले काय थंडी वाजून राहिली का गा?"

पण या माणसाला आयुष्यात कोणी हरवलं असेल तर ते त्यांच्या थोरल्या बहिणीने. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. नरखेडकडे त्यांची संत्र्याची बाग आहे, यजमान गेल्यापासून त्या एकट्याच ती बघतात, आणि पाठीवर बॅटरीचा फवारणी पंप घेऊन अजून स्वतः फवारतात. औषधाचं पाणी बॅटरीत जाईल म्हणून बाई नळाच्या गळतीला लावतात ती राखाडी पुट्टी पट्टीच्या फटींवर थापत. ती वाळून दगड होई. भाऊजींनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पंप बाईंच्या खाटेशेजारीच चार्जिंगला असायचा. तेव्हापासून दर रविवारी सकाळच्या एसटीने भाऊजी नरखेडला. अंगणात बसायचं, छोट्या सुरीने हळूहळू पुट्टी खरडायची, बाईंना रागवायचं, बाईंनी संत्री सोलून पुढे ठेवायची आणि म्हणायचं, "औषध आत गेलं तं नवी बॅटरी तू आणशील का?" संध्याकाळच्या गाडीने भाऊजी विजयी होऊन परत. पुढच्या रविवारी पुट्टी पुन्हा जागेवर! "ऐकतच नाही वं ते," असं म्हणत ते शनिवारीच सुरीला धार लावायला बसत.

या पावसाळ्यात भाऊजींच्या हृदयात स्टेंट घातला आणि डॉक्टरांनी एसटीचा प्रवास बंद केला. स्वतःच्या छातीबद्दल त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. माझ्या मागे मात्र लागले, "तू जाय, बाईची पुट्टी काढून ये. एखाद्या दिवशी फुटली म्हणजे?" भाऊजी आता येणार नाहीत, मी येते, असं बाईंना फोन करून कळवलं आणि सुरी घेऊन गेले. बघते तर बॅटरी लख्ख. पुट्टीचा कणही नाही.

बाई म्हणाल्या, "अवं, चार्जिंगच्या वक्ती कधीच नसते ती. पहिल्याच खेपेले समजलं होतं मले. शनिवारी चार्जिंग झालं का मंग लावत होतो."

"मग काहून लावत होता, बाई?" त्यांच्या अंगणात माझ्याही तोंडी त्यांचीच भाषा येते.

"तो चहा पिऊन पयाले पाहे. म्हणे, गाडी आहे. हे खरडत बसला का दिवसभर घरी राहे." मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "आता तो येत नाही, तं कोणासाठी लावू?"

घरी आल्यावर मी भाऊजींना एवढंच सांगितलं की पुट्टी नव्हती. ते आनंदाने उडी मारतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "एकदम साफ?" मी म्हटलं, "एकदम." भाऊजींनी माझ्या हातातली सुरी घेऊन कपाटात ठेवून दिली. "बाई काहून लावते हे का मले माहीत नव्हतं?" ते म्हणाले. "पण आता लावलीच नाही. म्हणजे मी काही येत नाही असं धरूनच बसली ते." असे रडवेले भाऊजी मी कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे जाऊन भांडले. एसटी नाही, पण मोटारीने, सावकाश, कोणी सोबत असेल तर जाता येईल, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मग बाईंना फोन लावला. म्हटलं, "बाई, रविवारी भाऊजींना घेऊन येते. पुट्टी लावून ठेवा. चांगली जाड लावा."

बाई म्हणाल्या, "थांब वं, आधी चार्जिंग करून घेतो."