पूजेनंतरचा पाना

नव्वदच्या दशकात मी रबाळ्याच्या एका लहान कारखान्यात सुपरवायझर होतो. पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढणारे तीन प्रेस तेथे होते. वय तिशीच्या आतले, नेरूळला नवा फ्लॅट, आणि पूजाअर्चेत आपल्याइतका काटेकोर माणूस दुसरा नाही, ही मनातली खात्री. खंडेनवमीची यंत्रपूजा मालक माझ्यावरच सोपवीत. मंत्रातले एक अक्षर अडखळले तरी मी पुन्हा पहिल्यापासून म्हणत असे.

त्या वर्षी पूजा आटोपून झेंडूच्या माळा चढल्या, तेव्हा मधल्या प्रेसवरचा कामगार माझ्याजवळ आला. मूळचा साताऱ्याकडचा, दिघ्यात राहणारा, माझ्याहून वयाने मोठा. तरी त्याला मी अरे-तुरेच करीत असे. त्याच्या हातात पाना होता.

"साहेब, पायडल सोडलं तरी ह्ये मधनंच दुसरा ठोका मारतंय. आज बंदच हाय, तर क्लच खोलून बघू का? तासाभराचं काम."

"पूजा झाली आहे. आज हत्यार चालवायचे नसते, एवढेही ठाऊक नाही? तो पाना ताटाजवळ ठेव."

"आन् परवा?"

"परवाचे परवा. देवीवर सोड."

तो हसला. "देवीला आठ हात हायती, साहेब. आमाला दोनच."

बाकीचेही हसले. देवीची थट्टा झाली म्हणून मी सर्वांसमोर त्याला झापले. त्याने पाना फडक्याने पुसला आणि ताटाशेजारी ठेवला. मी त्यावर कुंकू वाहिले.

आज आठवते ते वेगळेच. हळद लावताना माझे बोट त्याच क्लचच्या झाकणावरून फिरले होते. झाकणाखाली काय बिघडले आहे, हे पाहावेसे मला वाटले नाही. बोट नीट उमटले की नाही, एवढेच मी पाहिले.

दसऱ्याची सुटी झाली. दुसऱ्या दिवशी माल पाठवायची घाई होती. प्रेस सुरू करण्याआधी त्याने माझ्याकडे पाहिले. "संध्याकाळी बघू," मी म्हणालो, "पूजेतले मशीन आहे, काही होत नाही."

दुपारच्या चहाआधी प्रेसने तो दुसरा ठोका मारला. त्याच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. यंत्रावरची माळ अजून पुरती सुकलीही नव्हती.

दवाखान्यात मी एकदाच गेलो, तेही मालकांबरोबर, दारापर्यंत. कारखान्यात नारळ फोडला. घरी सत्यनारायण घातला, उपवास केला. हे सारे मी मनापासून करतो आहे, असे मला वाटत होते. खरे तर मला एक वाक्य बोलायचे होते आणि त्याच्या वाटेत मी एकामागून एक विधी उभे करीत होतो.

अखेर प्रसादाचा डबा घेऊन दिघ्याला गेलो. पाना मी लावू दिला नाही, चूक माझी आहे, एवढेच सांगायचे असे वाटेत ठरवले होते. तो खाटेवर बसला होता. बायकोने पाणी आणून दिले. पण मी आधी डबाच उघडला आणि शिऱ्याचा मुटका पुढे केला. त्याने डावा हात पसरला.

"प्रसाद डाव्या हाताने—" मी बोलून गेलो. लहानपणापासूनची सवय, जीभ मनाची वाट पाहत नाही.

बायको भिंतीकडे वळली. त्याने हात मागे घेतला. रागावलाही नाही.

"मंग तुमीच घाला तोंडात, साहेब."

त्याने तोंड उघडले. मी घास भरवला. तो सावकाश चावत राहिला, माझ्याकडे पाहत. पोटात ते वाक्य तसेच होते. मी डबा बंद केला, नमस्कार केला आणि निघालो.