दत्तूचा गेरू आणि पुण्याची फ्लॉपी

आमच्या क्लासची जुनी मंडळी ताम्हिणीच्या ढाब्यावर जमली, की भाकरीच्या आधी किस्से येतात. एक निघाला की दुसरा बोलावल्याशिवाय येतो. परवा मंदा म्हणाली, "मॅडम, लिहून काढा, नाहीतर दत्तू सर दरवर्षी त्यात भर घालतात!" म्हणून लिहितेय. मीठमसाला माझा आहे, भाजी खरी आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला पौडच्या बाजारात, सासऱ्यांच्या कापडदुकानाच्या माळ्यावर मी कॉम्प्युटर क्लास काढला. "शेखांची सून कॉम्प्युटर शिकवणार?" असं विचारणारे पुष्कळ होते. मी म्हणायचे, "व्हय, शिकवणार! तुमची सून पाठवा!"

जोडीला दत्तू होता. मेंढरंवाल्या घरातला, पण पुण्यात हार्डवेअरचा कोर्स केलेला. मशीन तीन, मुली अकरा. परीक्षेचं केंद्र आमच्याच माळ्यावर होतं आणि सगळा जीव त्यातच होता. परीक्षा पुण्यात गेली असती तर एकाही मुलीला घरच्यांनी पाठवलं नसतं. शिकलेलं सगळं पाण्यात.

आणि केंद्राला मान्यता देणाऱ्या पुण्याच्या संस्थेचे साहेब म्हणायचे, "खेड्यात व्हायरस फार. एक जरी सापडला तरी केंद्र बंद!" जसा काही व्हायरस ताम्हिणीच्या रानात उगवतो! अहो, येत होता तो पुण्याहूनच, फ्लॉपीत बसून.

•

पहिला आला तो चेंडूवाला. स्क्रीनवर एक बारीक ठिपका या कडेला आपटायचा, त्या कडेला आपटायचा, थांबायचं नाव नाही. नेमकी त्याच दिवशी मंदाची आई बघायला आली होती, पोरगी रोज एवढं काय शिकते म्हणून.

पाच मिनिटं त्या टक लावून बघत राहिल्या. मग मंदाला म्हणाल्या, "चेंडूच बघायचा तर घरी चल. घरी दोन हायेत!"

•

दुसरा अक्षरं पाडायचा. टाइप केलेला मजकूर बघता बघता एकेक अक्षर सोडून द्यायचा आणि स्क्रीनच्या तळाशी सगळ्याचा ढीग.

मुळशीचे एक भातवाले काका इंग्रजीत अर्ज टाइप करून घ्यायला आले होते. अर्ज झाला, आणि त्यांच्यासमोर त्यांचं नाव, गाव, गट नंबर सगळं खाली घसरलं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र शांत.

"लावणी ढिली झाली, मॅडम," ते म्हणाले. "अजून मुळं धरली न्हाईत. उपटा आन् परत लावा."

परत लावली. काका शेजारी बसून राखणीला!

•

तिसरा गाणारा. रोज संध्याकाळी बरोबर पाच वाजता मशीन एक इंग्रजी धून वाजवायचं. आम्ही हैराण, मुली खूश. त्यांची एसटी पाच दहाची. धून वाजली की वह्या बंद, चपला पायात!

दत्तूनं आठवडाभर खपून तो व्हायरस काढला. त्याच संध्याकाळी अकराच्या अकरा जणींची एसटी चुकली. दुसऱ्या दिवशी मंदा तोंड फुगवून म्हणाली, "सर, त्यो काय वाईट करत हुता? परत घाला की!"

•

मग सहा मार्चवाला. त्या तारखेला मशीन चालू केलं, की आतलं सगळं पुसलं जाणार. पुण्याच्या साहेबांचा निरोप आला, "सहा मार्चला क्लास बंद ठेवा."

बंद? परीक्षा तोंडावर आली होती! दत्तूनं पाच तारखेलाच तिन्ही मशीनचं कॅलेंडर सात मार्चवर नेऊन ठेवलं. "घावतोय का बघू त्याला सहा मार्च!"

दुसऱ्या दिवशी क्लास जोरात चालला. नाराज फक्त एक मुलगी. तिचा वाढदिवस सहा मार्चला असायचा.

•

एवढं झाल्यावर दत्तू पेटला. "बाजारातनं आणलेलं मेंढरू माझा बा पंधरा दिवस कळपात सोडत न्हाई. मग फ्लॉपी का सोडायची?"

तिसरं मशीन त्यानं कोपऱ्यात एकटं मांडलं आणि त्याला नाव दिलं 'वाघर'. मेंढरं कोंडायच्या जाळीला त्यांच्यात वाघर म्हणतात. बाहेरची कुठलीही फ्लॉपी आधी वाघरीत. आजारी निघाली, की तिच्यावर ओल्या गेरूचा लाल पट्टा. दत्तूचे वडील आजारी मेंढराच्या पाठीवर ओढायचे तसाच! वाटीत कालवलेला गेरू कायम टेबलावर.

एकदा माझ्या सख्ख्या भावाच्या फ्लॉपीवर पट्टा आला. भाऊ रागावला, तर दत्तू म्हणतो, "पाव्हण्याची आसली तरी खरूज ती खरूजच!"

•

आणि मग साहेब स्वतः तपासणीला आले. तारीख पाच जानेवारी. पांढराशुभ्र शर्ट, हातात फ्लॉपी. आल्याबरोबर त्यांनी तिन्ही मशीन चालू करायला लावली. सुरळीत चालू झाली. मग ते परीक्षेच्या मशीनकडे फ्लॉपी घेऊन निघाले.

दत्तू आडवा आला. "आधी वाघरीत, साहेब."

"ही पुण्याची फ्लॉपी आहे! ही तुमची मशीन तपासणार, तुमची मशीन हिला नाही."

"मेंढरू कुठल्या गावचं त्ये आमी इचारत न्हाई."

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, केंद्र हवंय ना?"

अकरा मुली माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "हवंय. म्हणूनच आधी वाघरीत."

साहेबांनी रागारागानं फ्लॉपी वाघरीत कोंबली आणि तिच्यावरूनच मशीन चालू केलं. स्क्रीनवर इंग्रजीत एकच ओळ आली: 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा!

साहेबांनी एंटर दाबलं, एस्केप दाबलं, मशीन बंद करून परत लावलं. तीच ओळ. "बघा! तुमच्या मशीनमध्ये व्हायरस!"

"मगाशी तुमच्यासमोरच चालू केलं हुतं, साहेब," दत्तू म्हणाला. "तवा मागितला का त्यानं कुणाचा वाढदिवस?"

मंदा उठली. दर पाच जानेवारीला जागा होणाऱ्या या व्हायरसचं कात्रण तिनंच भिंतीवर चिकटवलं होतं. तिनं खाली वाकून 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप केलं आणि मशीन मुकाट चालू झालं.

साहेबांनी मान खाली घालून केंद्राच्या कागदावर सही केली. तोवर दत्तूनं त्यांच्या फ्लॉपीवर जाडजूड पट्टा ओढला होता. नियम म्हणजे नियम! साहेबांनी ती हिसकावली, शर्टाच्या खिशात टाकली आणि तडक एसटी स्टँड गाठला.

आम्ही सगळ्याजणी खिडकीत. स्टँडवर दत्तूचे वडील मेंढरं घेऊन उभे होते. त्यांनी साहेबांच्या पांढऱ्या खिशावर उमटलेला लाल पट्टा नीट निरखून पाहिला आणि आपली सगळी मेंढरं रस्त्याच्या पलीकडे नेली.