मोठ्या बाबांच्या दोन कोड्या

माझ्या मैत्रिणीच्या, वैशालीच्या, मोठ्या बाबांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट अंदाजानं केली नाही, आणि माझ्या माहितीत एकही गोष्ट बरोबर मोजली नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल खरी कशी असू शकतात हे मला लहानपणी कळत नव्हतं. पुढे मी शिकले, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, तीही गणित घेऊन. हे मी कुठंही सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही. तरी या माणसाची मोजणी मला अजून कळलेली नाही.

मोठे बाबा म्हणजे वैशालीच्या वडिलांचे थोरले भाऊ. सेलूहून हिंगणीकडे जाताना आमचं गाव लागतं, तिथं त्यांचं भाजीचं वावर. वांगी, पालक, मुळा, धुऱ्याला, म्हणजे बांधाला, मका. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण गावातली झाडून सगळी पोरं ते आपलीच धरून चालत आणि दिसली की मोजत. विहिरीपासून घरापर्यंतची पावलंही ते रोज मोजत आणि ती रोज वेगळी भरत. एकदा मी विचारलं, “मोठे बाबा, काल कमी होती ना?” तर थांबून, मागं वळून वाटेकडे बघत म्हणाले, “वाट वाढून राह्यली व, पोरी.” यात विनोद नव्हता. त्यांना खरंच तशी शंका होती. वैशालीच्या आत्याच्या लग्नात पंगतीची माणसं मोजायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. दुपट्टा कमरेला बांधून ते मांडवाच्या दारात उभे राहिले आणि आत जाणारा प्रत्येक माणूस त्यांनी मोजला. हात धुवायला बाहेर येऊन पुन्हा आत गेलेला माणूसही त्यांनी पुन्हा मोजला. त्या आकड्यावर पाडलेली बुंदी इतकी उरली की आमच्या अख्ख्या मोहल्ल्याचा चार दिवस नाश्ता झाला. वैशालीचे वडील चिडले, तर मोठे बाबा शांतपणे म्हणाले, “लोकं हालत होते, त्याले मी काय करू?”

पण खरी मोजणी त्यांची बाजारातली. ती समजून घेतल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही, म्हणून सांगते. मक्याची कणसं, लिंबं, मुळे, असा माल आमच्याकडे कोडीनं मोजायचे. कोडी म्हणजे वीस. पाच-पाचचे चार हात मोजले की एक कोडी झाली, आणि कोडी झाली की एक कणीस बाजूला ठेवायचं. ती खूण. सगळा माल मोजून झाला की खुणा बघायच्या. पाच खुणा म्हणजे पाच कोड्या म्हणजे शंभर. खुणेचं कणीस शंभरात धरायचं नाही, ते वरचं. ते गिऱ्हाइकानं आपल्या हातानं उचलून पोत्यात टाकायचं. देणाऱ्यानं खुणेला हात लावायचा नाही, तिकडं बघायचंसुद्धा नाही. बघितलं तर नियत दिसते म्हणे. मोठ्या बाबांनी चाळीस वर्षं असाच माल मोजला आणि चाळीस वर्षं खुणांकडे पाठ फिरवून ते घरी आले.

आम्ही सातवीत असताना शाळेनं नागपूरला प्राणी बघायला सहल काढायचं ठरवलं. पोरांचा प्रश्न नव्हता. आम्ही अकरा मुली होतो आणि गावातून एवढ्या लांब आईबापाशिवाय मुली पाठवायची पहिलीच वेळ. माझे वडील तर साफ नाही म्हणाले. तेव्हा मोठे बाबा आमच्या ओसरीवर येऊन बसले. “मी संग जातो ना बापू. मोजून नेतो, मोजून आनतो.” वडिलांनी सुपारी कातरून त्यांना दिली. म्हणाले, “भाऊ, तुमच्या शब्दावर पाठवतो. पन काही इकडचं तिकडं झालं, तर पोरीचं बाहेर जानं बंद. शाळाही सातवीपर्यंतच.” हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. आठवी सेलूला होती, एसटीनं जावं लागायचं. म्हणजे माझी सगळी पुढची शाळा त्या एका दिवसावर आणि मोठ्या बाबांच्या मोजणीवर येऊन बसली. आणि त्या मोजणीचा मला अनुभव होता.

सकाळी शाळेपुढं बस उभी. सरांच्या हजेरीत आम्ही बेचाळीस. मोठ्या बाबांनी मोजायला घेतलं. पाच, पाच, पाच, पाच. वीस झाले की त्यांनी वैशालीला दंडाला धरून ओट्यावर उभं केलं. “तू खून. हटू नको.” पुढचे वीस झाले, मला उभं केलं. मग आमच्या दोघींकडे बघून जाहीर केलं, “दोन कोड्या. चाळीस पोट्टे.”

सर म्हणाले, “बाबा, बेचाळीस आहेत.”

“खुना किती हायेत? दोन. दोन कोड्या म्हंजे चाळीस.”

“पण या दोघी?”

“खुनेले मोजत नाई, सर. खुनेनं मोजतेत.”

सरांनी पुन्हा मोजलं, बेचाळीस. बाबांनी पुन्हा मोजलं, चाळीस. आम्ही दोघी ओट्यावर उभ्या, आणि आपण सहलीला आहोत की नाही हे आम्हाला कळेना. शेवटी सर शिकलेले माणूस, त्यांनीच तोड काढली. “हे बघा, बाबांचे चाळीस म्हणजे आपले बेचाळीस. झालं?” ड्रायव्हरही म्हणाला, “चाळीस म्हणजे बेचाळीस, लक्षात ठेवतो.” आम्ही ओट्यावरून उतरलो आणि बसमध्ये शिरलो. आमचे आईबाप सगळे तिथंच उभे होते, त्यामुळे आम्ही मागं राहायचा प्रश्नच नव्हता.

प्राणिसंग्रहालयात मोठे बाबा दिवसभर गोंधळलेले होते. मोराला बघायला लोक थांबतात हे त्यांना पटेना. वाघ झोपलेला होता, तर पिंजऱ्यापुढं उभं राहून ते कितीतरी वेळ हळू आवाजात म्हणत राहिले, “आजारी असन. आपल्या इकडचा असा दुपारी पाय पसरून झोपत नाई.” आणि रोहीच्या जाळीपाशी तर कहर झाला. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे ती रोज वावरात शिरून वांगी खाते आणि मोठे बाबा रोज तिच्यामागं धावतात. इथं ती सावलीत उभी राहून चारा खात होती आणि माणसं पोरांना खांद्यावर घेऊन तिला दाखवत होती. मोठ्या बाबांचा हात आपोआप खाली गेला, एक ढेकूळ उचललं गेलं आणि तोंडातून असा काही “होऽऽऽ हुर्रर्र” निघाला की माकडांपासून आईस्क्रीमवाल्यापर्यंत सगळे गप्प झाले. रोहीनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा खायला लागली. “पाह्य,” ते मला म्हणाले, “ओळख देत नाई.” ढेकूळ त्यांनी खाली टाकलं, पण जाळीपासून हलेनात. “इले खायाले आनून देतेत?” त्यांनी तीनदा विचारलं. तीनदा मी हो म्हणाले. तिन्ही वेळा त्यांचा विश्वास बसला नाही.

पाचच्या सुमारास निघायची वेळ झाली. दाराबाहेर बस लागली. एका पोराला उलट्या होत होत्या, तो पहिला मोजला गेला आणि सर त्याला घेऊन बसमध्ये होते. मोठे बाबा पोरं मोजून आत सोडत होते. पाच, पाच, पाच, पाच. वैशालीला त्यांनी दाराच्या डाव्या हाताला कडुलिंबाखाली उभं केलं. “खून. हटू नको.” पुढच्या विसानंतर मला. खिडकीतून सरांनी विचारलं, “बाबा, किती?”

“दोन कोड्या. पक्क्या.”

“म्हणजे बेचाळीस. चला हो!”

आणि मोठे बाबा आमच्याकडे पाठ फिरवून बसमध्ये चढले. खुणा उचलायचं काम देणाऱ्याचं नसतं. बस गेली.

आम्ही हललो नाही. लोकांना हे खरं वाटत नाही, पण आम्हाला हटू नको म्हटलेलं होतं, आणि खूण जागेवरून हलली तर सगळी मोजणी चुकते हे आम्ही भाजीवाल्यांच्या घरात शिकलेलो होतो. थोड्या वेळानं दारावरचा चौकीदार आला. “काऊन व पोरींनो, कोनाच्या संग आहा?”

वैशाली म्हणाली, “आमी खून आहो.”

“काय आहा?”

“खून. चाळीस पोट्टे गेले, आमी वरच्या.”

तो बिचारा डोकं खाजवत आमच्यासाठी पाणी घेऊन आला. मग म्हणाला, घरचा नंबर सांगा, फोन लावतो. वैशालीला तिच्या घरचा नंबर पाठ होता. तिनं तोंड उघडलं आणि मी तिला जोरात चिमटा घेतला. फोन लागला असता तर आमच्या वडिलांना कळलं असतं, आणि कळलं असतं तर सातवीपुढं शाळा नाही. “नंबर नाई आठवत,” मी म्हणाले. वैशाली दंड चोळत राहिली. अंधारून आलं होतं. आतून कुठलं तरी जनावर ओरडलं. चौकीदारानं दाराला साखळी घातली आणि स्टूल घेऊन आमच्याजवळ बसला.

तिकडे बसमध्ये काय झालं ते नंतर पोरांनी सांगितलं. बुटीबोरीला बस थांबवून सरांनी चिवड्याच्या बेचाळीस पुड्या घेतल्या आणि वाटल्या. दोन उरल्या. सर म्हणाले, “दुकानदारानं दोन जास्त टाकल्या वाटतं.” मोठ्या बाबांनी त्या दोन पुड्यांकडे बघितलं आणि ताडकन उठले.  ड्रायव्हरच्या मागं जाऊन उभे राहिले म्हणे आणि त्याच्या सीटवर बुक्क्या मारत राहिले. बस वळेपर्यंत मारत राहिले.

बस परत आली तेव्हा ती नीट थांबायच्या आत त्यांनी उडी मारली. आमच्याजवळ आले आणि मोजलं नाही. त्यांनी न मोजलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. कडुलिंबाखाली बसले आणि टोपी काढून हातात धरली.

परतीच्या वाटेवर सरांनी सगळ्यांना बजावलं, “गावात कोणी काही बोलायचं नाही. बस पंक्चर झाली, म्हणून उशीर झाला.” बेचाळीस पोरांनी शपथ घेतली. माझा जीव भांड्यात पडला. गावात शाळेपुढं सगळे आईबाप कंदिलासारखे डोळे करून उभे होते. मोठे बाबा पहिले उतरले, सरळ माझ्या वडिलांपुढं गेले आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाले, “बापू, तुह्या पोरीले मी नागपूरले इसरलो होतो. वैशालीलेही. दोघी दाराशी उभ्या होत्या. माहीच चूक हाय.”

जो गलका झाला तो काय सांगू. सर एका बाजूला पंक्चर पंक्चर म्हणत होते, बायका कपाळावर हात मारत होत्या, आणि मी बसच्या पायरीवर उभी राहून मोठ्या बाबांना मनातल्या मनात येतील त्या शिव्या देत होते. चिमटा घेऊन घेऊन मी जे झाकलं ते या माणसानं दोन वाक्यांत उघडं केलं. मी त्यांच्याशी पुढं दोन महिने बोलले नाही. ते वाटेत दिसले की बोट उचलायचे, मला मोजायचे, आणि मी तोंड फिरवायचे.

पण झालं ते मला आजवर न उलगडलेलं. जूनमध्ये अकरापैकी नऊ मुलींची शाळा सुटली. सेलूच्या एसटीत आम्ही दोघीच चढलो, ज्या हरवल्या होत्या त्याच. आईनं वडिलांना विचारलं, “बाकीच्याईनं बंद केलं, तुमी काऊन पाठवता?” वडील सुपारी कातरत म्हणाले, “त्या मानसाले एकडाव इसर पडला. आता तो मरेपर्यंत इसरत नाई.” आणि खरंच, दहावीपर्यंत रोज सकाळी मोठे बाबा फाट्यावर एसटी येईपर्यंत उभे राहत. पुढं मी वर्ध्याला कॉलेजात गेले, वसतिगृहात राहिले, पदवी घेतली. गावात कोणी विचारलं की मी सांगायचे, एका माणसाच्या खरेपणामुळे मी शिकले. हे वाक्य मला फार आवडायचं.

माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. या दिवाळीला गावी गेले तेव्हा मोठे बाबा धुऱ्यावर पालकाच्या जुड्या बांधत बसले होते. मीही बसले. त्यांनी अजून दोन जुड्या बांधल्या. मग एकदम म्हणाले, “तुह्या बापाले मी एक खोटं सांगतलं व.”

“कोनतं?”

“तुमाले आनलं त्या दिवशी तो मले बाजूले घेऊन गेला. म्हने, भाऊ, एकच सांगा. माही पोरगी रडत होती का? म्या म्हनलं, नाई. सरळ उभी होती, एकदम टाइट.” त्यांनी जुडी खाली ठेवली. “तो म्हने, बस. मंग शिकन पोरगी.”

त्या संध्याकाळी मी रडत होते. बस दिसली तेव्हा मी इतकी रडत होते की मला ती नीट दिसलीही नव्हती. हे मी कोणाला, वैशालीलाही, कधी बोलून दाखवलं नव्हतं.

“मंग खोटं काऊन बोलले, मोठे बाबा? बाकी तर सारंच सांगून टाकलं तुमी.”

त्यांनी खाली ठेवलेली जुडी पुन्हा उचलली.

“मले का मालूम, पोरी,” ते म्हणाले. “माही चूक मी सांगतली. तुहं रडनं तं तुहं होतं.”